मोडीतले दिवे : खारबाव-भिवंडी पट्ट्यातील घरगुती उजेडाचा इतिहास

खारबाव हे भिवंडी तालुक्यातले, वसईच्या खाडीच्या उत्तर अंगाचे गाव. खाडीपलीकडे घोडबंदरचा रस्ता, पश्चिमेला कामण आणि पुढे वसई, पूर्वेला भिवंडी. चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग या गावावरूनच जातात. भातशेती, मीठ, मासे, पुढे यंत्रमाग आणि आता गोदामे, असे या पट्ट्याचे अर्थकारण बदलत गेले. घरातला दिवाही त्याच्याबरोबर बदलला, आणि तो बहुतेक वेळा नव्या कोऱ्या वस्तूपासून बनला नाही. त्या-त्या काळी बाजारातून जे टाकाऊ म्हणून बाहेर पडले तेच दिव्याच्या कामी आले. आज शहरात ‘रस्टिक’ म्हणून जुन्या लाकडाचे, तांब्या-पितळेचे, गंजक्या लोखंडाचे दिवे हौसेने विकत घेतले जातात. त्यांची वंशावळ या पट्ट्यात तरी बरीच मागे जाते.

रॉकेल येण्यापूर्वीचा सामान्य घरातला दिवा म्हणजे मातीची पणती, आणि तीही नसेल तर फुटक्या मडक्याचे खोलगट खापर. खापरात तेल ओतून काठावर वात टेकवली की दिवा तयार. वात जुन्या धोतराची किंवा लुगड्याची. नवे कापड वातीसाठी कोणी फाडत नसे, कारण धुऊन मऊ झालेले सूत तेल अधिक चांगले ओढते. भिंतीत देवळी किंवा कोनाडा ठेवलेला असे. तिथला काजळीचा काळा पट्टा हाच जुन्या घरातल्या दिव्याचा सगळ्यात टिकाऊ पुरावा असतो. तेले दोन प्रतींची होती. खाण्याजोगे तीळ, खुरासणी किंवा खोबरेल देवापुढे आणि सणाला. रोजच्या उजेडाला करंजाचे आणि उंडीचे कडू तेल. करंज ओढ्याकाठी आणि उंडी समुद्राकाठी आपोआप वाढते, त्यामुळे बिया गोळा करण्याचे श्रम सोडले तर हा माल फुकटचाच. धूर आणि वास मात्र भरपूर. दिव्याचे तेल हा कोकणात पिढीजात धंदा होता. बेने इस्रायली लोकांपैकी अनेक कुटुंबे घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ठाणे शहरातले त्यांचे प्रार्थनास्थळ १८७९ सालचे आहे.

ऐपतीच्या घरात याच काळात पितळेची समई, छताला साखळीने टांगलेला लामणदिवा आणि उंच बैठकीची ठाणवई असे. पितळी दिव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला एक अडचण हमखास येते : फार जुने नमुने हाती लागत नाहीत. त्याचे कारण धातूच्या व्यवहारात आहे. पितळ आणि तांबे वजनावर विकले जाई, आणि दुकानदार जुन्या भांड्याची मोड घेऊन नवे भांडे देई. फुटलेली समई फेकून देत नसत, ती वितळून पुढची समई होई. म्हणजे अठराव्या शतकातले कितीतरी दिवे नष्ट न होता एकोणिसाव्या शतकातल्या दिव्यांत विरघळून गेले आहेत. शिवाय समई एकसंध नसते. बैठक, दांडा, तेलाचे तबक आणि शिखरावरचा मोर किंवा हंस हे भाग वेगवेगळे ओतून आट्यांनी जोडतात. एखादा भाग झिजला की दुसऱ्या समईचा बसवायचा, ही सर्रास रीत होती. बाजारात ‘पेशवाई समई’ म्हणून दाखवली जाणारी वस्तू पुष्कळदा तीन वेगवेगळ्या दिव्यांची जुळणी असते. त्यात फसवणूक असेलच असे नाही. दिवा असाच वापरला जात होता.

जुन्या आणि परक्या वस्तूला नवे काम देण्याची सगळ्यात मोठी घटना या परिसरात मे १७३९ मध्ये घडली. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. खारबावपासून जवळच असलेल्या अंजूरच्या नाईक घराण्याचा, विशेषतः गंगाजी नाईकांचा, या मोहिमेत मोठा वाटा होता. वसई आणि साष्टीच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. घंटा म्हणजे दिवा नव्हे, हे खरे. पण ओतीव धातूची वस्तू वितळवून टाकण्याऐवजी तशीच ठेवावी, तिच्यावरची परकी खूणही पुसू नये आणि तिला नव्या जागी टांगावी, ही दृष्टी इथे दिसते. पुढे बोहरी, पारशी आणि सरदारी घरांतल्या काचेच्या हंड्या-झुंबरांच्या बाबतीत तेच झाले. बोहेमिया आणि इंग्लंडहून आलेली ही काच मेणबत्तीसाठी किंवा तेलासाठी बनली होती. घराणी मोडली तशा हंड्या देवळांत, दर्ग्यांत आणि शेवटी जुन्या बाजारात आल्या. विजेचा होल्डर त्यांच्यात फार उशिरा बसला.

गरिबाच्या घरात खरी उलथापालथ केली ती रॉकेलने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन तेल मुंबई बंदरात येऊ लागले, आणि १८८० नंतर काळ्या समुद्रावरच्या बाटुमहून रशियन तेल त्याच्याशी स्पर्धेला उतरले. हे तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. प्रत्येक डबा पाच अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा, आणि असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. करंजाच्या तेलापेक्षा रॉकेल स्वच्छ जळे आणि उजेड जास्त देई. पण तेल संपल्यावर जे मागे राही त्याचे मोलही कमी नव्हते. डब्याचा पत्रा सपाट करून छपराला, दाराला, कोंबड्यांच्या खुराड्याला लागे. पाणी भरायला डबा तसाच चाले. खोक्याच्या फळ्यांची मांडणी होई. आणि त्याच पत्र्यातून रॉकेल जाळायचा दिवाही होई. मालाच्या वेष्टनातूनच माल वापरायचे साधन तयार व्हावे, असा योग व्यापाराच्या इतिहासात क्वचित येतो.

या डब्यांची किंमत किती होती हे लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांना चांगलेच कळले. १८९२ साली त्यांची ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू बोट सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेली. डब्यांऐवजी बोटीच्या टाक्यांतून सुटे तेल नेल्याने वाहतूक फार स्वस्त होणार होती, आणि गिऱ्हाईक आपापले भांडे घेऊन येईल असा हिशेब होता. गिऱ्हाईक आलेच नाही. आशियातल्या खरेदीदाराला तेलाइतकाच डबा हवा होता, आणि प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीचे निळे डबे सगळीकडे पोचलेले होते. सॅम्युअल यांना घाईने पत्रा मागवून ठिकठिकाणी डबे बनवण्याची सोय करावी लागली. त्यांच्या डब्यांचा रंग लाल. याच धंद्यातून पुढे ‘शेल’ कंपनी उभी राहिली. तेलसम्राटांच्या चरित्रांत हा प्रसंग विनोदी म्हणून सांगितला जातो. डबा घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात विनोद काही नाही. ज्या घरात धातूची वस्तू विकत घेणे ही वर्षाकाठची गोष्ट होती, तिथे तेलासोबत चांगला कथलाचा पत्रा मिळत होता.

त्या पत्र्याच्या दिव्याला मराठी मुलखात चिमणी म्हणतात. तिची घडण अगदी साधी आहे. मूठभर आकाराची गोल किंवा चौकोनी डबी, वर दाबून बसवायचे झाकण, झाकणाच्या मधोमध पत्रा गुंडाळून केलेली बोटभर नळी आणि नळीतून तेलात सोडलेली चिंधीची वात. धरायला बाजूला पत्र्याचाच कान. सांधे कथील-शिशाच्या डाखाने बंद करत, आणि डाख नीट बसावा म्हणून पत्रा आधी नवसागराने साफ करत. पत्र्याचे काम करणारे कारागीर बाजारपेठांत बसून डबे, गाळण्या, नरसाळी आणि चिमण्या एकाच साच्यात करत. ज्यांना तेही परवडत नसे ते औषधाच्या किंवा शाईच्या रिकाम्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून काम भागवत. चिमणीला काच नसते, म्हणून ज्योत वाऱ्याने डोलते, धूर धरते, आणि चिमणीखाली अभ्यास केलेल्या मुलाच्या नाकपुड्या सकाळी काळ्या निघतात. तरीही शे-पाऊणशे वर्षे कोकणातल्या शेतकरी, आगरी, कोळी आणि आदिवासी घरांतला हाच मुख्य दिवा होता. भारतातल्या घरगुती दिव्यांच्या सचित्र पुस्तकांत पितळी दिव्यांना पानेच्या पाने मिळतात आणि चिमणीला एखादी ओळ. प्रमाण उलटे असायला हवे होते.

चिमणीचा दोष केवळ धुराचा नव्हता. ती उंच, हलकी आणि निसटत्या झाकणाची. कलंडली की पेटते तेल अंगावर किंवा गवताच्या छपराच्या घरात पसरे. हा प्रश्न कोकणापुरता नव्हता. श्रीलंकेत बाटलीच्या दिव्यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक विजय गोडाकुंबुरा यांनी त्यावर साधा तोडगा काढला. ठेंगणी, जड, दोन बाजूंनी चपटी अशी काचेची बाटली आणि आट्यांचे घट्ट धातूचे झाकण. कलंडली तरी ती गडगडत नाही आणि तेल सांडत नाही. कल्पना त्यांना मार्माइटच्या बसक्या बाटलीवरून सुचली, आणि नव्या बाटल्याही भंगार काच वितळवून बनवल्या गेल्या. या कामाला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात असा सुधारित दिवा घराघरांत पोचला नाही. इथे चिमणीची जागा आधी कंदिलाने आणि मग विजेने घेतली.

कंदील ही मात्र कारखान्याची वस्तू. वारा लागूनही न मालवणारी, बाजूच्या दोन नळ्यांतून ज्योतीला हवा पुरवणारी रचना अमेरिकेत १८६८ ते १८७४ या काळात सिद्ध झाली, आणि अमेरिकन व जर्मन कंदील हिंदुस्थानात येऊ लागले. स्वदेशीच्या काळात त्याला मराठी उत्तर मिळाले. पैसाफंडाच्या पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या मदतीने आपला काच कारखाना उभारला. त्या जागेचे नाव ओगलेवाडी पडले, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर गेला. कंदिलाची काच तडकली की नवी मिळे, वात मिळे, पण पत्र्याची टाकी गंजून गळू लागली की पुन्हा तोच डाखवाला कारागीर. कंदील दुरुस्त होत-होत वीस-वीस वर्षे चाले. रोज संध्याकाळी चुलीतल्या राखेने काच पुसणे हे घरातल्या मुलांचे ठरलेले काम असे.

घराबाहेरच्या उजेडाची तऱ्हा निराळी होती. काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळून, तेलात बुडवून केलेला टेंभा हा सगळ्यात जुना. पहिल्या पावसाच्या पुराबरोबर खाडी-ओढ्यांतून भातखाचरांत मासे चढतात. उत्तर कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. ते रात्री धरायला आधी टेंभे, मग कंदील आणि त्यानंतर गॅसबत्ती आली. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीने १९१० च्या सुमारास काढलेल्या ‘पेट्रोमॅक्स’चे नाव सगळ्याच गॅसबत्त्यांना चिकटले. पंपाने दाब दिलेले रॉकेल वाफ होऊन जाळीदार मॅन्टलमध्ये जळते, आणि मॅन्टल पांढराशुभ्र तापतो. लग्नाच्या वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणारे लोक भाड्याने मिळत. मॅन्टलला लागणारे थोरियम नायट्रेट १९५५ पासून तुर्भ्याच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. जुनी गॅसबत्ती शोभेसाठी घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे प्रमाण अल्प असते, पण जुना मॅन्टल चुरगळत बसू नये आणि त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. बत्तीत बल्ब बसवायचा तर मॅन्टल आधी काढून टाकलेला बरा.

वीज भिवंडीत आली ती घरांपेक्षा मागांच्या ओढीने. १९३० च्या दशकात हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले, आणि स्वातंत्र्यानंतर भिवंडी देशातल्या सगळ्यात मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक झाली. इथेही जुनाच माल कामी आला. मुंबईच्या गिरण्यांनी बदलून टाकलेले, लँकेशायरमध्ये ओतलेले बिडाचे माग भंगाराच्या भावात भिवंडीत येत आणि पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा चालू होत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मुंबईचे कितीतरी काम या शेडांत वळले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांची यंत्रे तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. पुढे १९९९ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी कर्जसवलतीची योजना आणली. बिनधोट्याचे वेगवान माग आले, आणि एकदा भंगारातून वाचलेले जुने माग दुसऱ्यांदा भंगारात निघाले.

आजच्या शोभेच्या दिव्यांना या भंगाराने मोठा साठा पुरवला. धोटा हा कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना धातूची टोपणे असलेला आणि आतून पोकळ. वायर न्यायला आयती जागा. लाकडी कांड्यांच्या मध्ये आधीच आरपार भोक असते, म्हणून त्या एकावर एक ओवून टेबलदिव्याचा दांडा होतो. बिडाची दातेरी चाके बैठकीला उत्तम, कारण ती जड असतात आणि दिवा कलंडू देत नाहीत. धोट्याचा गुळगुळीतपणा पॉलिशचा नसतो. लाखो फेऱ्यांत सुताशी घासून तो आलेला असतो. नक्कल करणाऱ्याला हा पोत साधत नाही. जुना धोटा खरा की बनावट हे ओळखण्याची तीच खूण.

घरातल्या विजेच्या सुरुवातीच्या सामानालाही आता जुन्या बाजारात भाव आहे. लाकडी पट्टीवर ठोकलेली कापडी वेष्टनाची पिळाची वायर, चिनी मातीचे गोल खटके, काळ्या बॅकेलाइटचे होल्डर. हिंदुस्थानात इंग्रजी पद्धतीचा पिनांचा होल्डर रूढ झाला आणि युरोप-अमेरिकेतला चुडीचा मागे राहिला, म्हणून परदेशी जुन्या दिव्यात देशी बल्ब सहसा बसत नाही. बल्ब आला तरी वर छत्री हवी, म्हणून पत्र्याची थाळी, डालड्याच्या डब्याचे बूड किंवा वहीचा पुठ्ठा होल्डरवर चढे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत अंधाराचे आदेश आले, तेव्हा मुंबई परिसरात याच घरगुती छत्र्यांना काळा कागद लागला. वीज आली म्हणून चिमणी लगेच गेली नाही. २००५ च्या आसपास महाराष्ट्रात भारनियमन तासन् तास चाले, आणि ते रेशनच्या निळ्या रॉकेलवर निघे. भिवंडीत जानेवारी २००७ मध्ये वीजवितरण खासगी कंपनीकडे गेले. त्यानंतरच्या वर्षांत पुरवठा सुधारला आणि चिमणी माळ्यावर गेली.

जी वस्तू माळ्यावर जाते तिच्याकडे कौतुकाने पाहणारा कोणीतरी लागतो. महाराष्ट्रात हे काम सगळ्यात आधी आणि सगळ्यात चिकाटीने केले ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ संग्रह उभा केला, आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहात दिव्यांचे दालन खास मानाचे आहे. बोहारणीकडे, भांड्यांच्या दुकानात आणि वाड्यांच्या अडगळीत वितळण्याची वाट पाहणाऱ्या वस्तू त्यांनी वजनाच्या नव्हे तर घडणीच्या भावाने पाहिल्या. जुना पितळी दिवा ‘मोड’ नाही, ही जाणीव मराठी मध्यमवर्गात रुजली त्यात या संग्रहालयाचा वाटा मोठा आहे. व्यापारी बाजूने हेच काम मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटने केले. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजे तोडली जात. तिथून पितळी जाळीचे, जाड काचेचे जहाजी दिवे या गल्लीत येत आणि पुढे हॉटेले, चित्रपटांचे सेट आणि बंगले यांच्याकडे जात. १९८३ नंतर जहाजतोडणीचा मोठा भाग गुजरातमधल्या अलंगला गेला, तरी दिव्यांची वाट मुंबईकडेच राहिली.

खारबावच्या बाजूला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नवा टाकाऊ माल आला तो गोदामांमुळे. मुंबईच्या जकातीबाहेर आणि महामार्गांजवळ असल्याने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या गावांच्या भातशेतांत गोदामे उभी राहिली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. परदेशी यंत्रसामग्री आणि माल ज्या पाइनच्या खोक्यांत आणि पॅलेटवर येतो, ते लाकूड इथे मागे उरते. रॉकेलच्या खोक्यांची ही पणतवंडे म्हणायला हरकत नाही. या लाकडाचे दिवे, मांडण्या आणि बाके करणे सोपे आहे, पण त्यावरचा शिक्का आधी वाचावा. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लाकडावर कीडनाशाची पद्धत छापावी लागते. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेले, ते घरात चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घरात आणू नये. दुसरा साठा आहे तो जुन्या घरांचा. मंगलोरी कौलांची, सागाच्या तुळया-खांबांची घरे पाडून सिमेंटची बांधली जातात, तेव्हा लाकूड व्यापारी उचलतो. शंभर वर्षे सुकलेला साग वाकत नाही आणि तडकत नाही. तुळईचा वार-दीड वार तुकडा, त्याला तीन-चार होल्डर आणि दोन साखळ्या एवढ्यावर जेवणाच्या टेबलावरचा दिवा होतो. बैलगाडीचे चाक, पाणी तापवायचा तांब्याचा बंब, घंगाळ, मासे धरायचे बांबूचे सापळे यांचेही असेच झाले आहे. यांत सापळा सगळ्यात सुंदर दिसतो, कारण त्याच्या कामट्यांच्या फटीतून उजेड आपोआप विभागला जातो. बैलगाडीच्या चाकाचे झुंबर मात्र ढाब्यांनी आणि रिसॉर्टांनी इतके वापरले आहे की आता ते पाहवत नाही.

लाकूड, बांबू, सुंभ, कागद अशा पेटणाऱ्या वस्तू दिव्याच्या इतक्या जवळ आणता येतात याचे कारण सौंदर्यदृष्टीत नाही, तंत्रात आहे. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब इतका तापे की बांबूच्या टोपलीत तो बसवणे धोक्याचे होते. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि एलईडी बल्ब स्वस्त झाले. तितकाच उजेड सात-आठ वॉटमध्ये मिळू लागला, आणि पिवळसर प्रकाशाचा, जुन्या तारेसारखा दिसणारा चार वॉटचा बल्बही बाजारात आला. पण तापमान कमी झाले म्हणून २३० व्होल्ट कमी झाले नाहीत. पितळ, तांबे आणि बीड वीज वाहून नेतात. त्यांच्या दिव्याला तीन तारांची वायर घेऊन हिरवी तार धातूच्या अंगाला जोडलीच पाहिजे. धातूला पाडलेल्या भोकाची धार कानशीने मारून त्यात रबरी कडी बसवावी, नाहीतर वायरचे वेष्टन महिन्या-दोन महिन्यांत कापले जाते. टांगत्या दिव्याचे वजन वायरवर न घेता साखळीवर घ्यावे. गंज पूर्ण खरवडून काढू नये; तारेच्या ब्रशने सुटा भाग काढून वर पातळ तेल किंवा मेण दिले की रंग टिकतो. पितळेला यंत्रावर लखलखीत घासणे ही या कामातली सगळ्यात मोठी चूक होय. शे-दीडशे वर्षांचा हात फिरून आलेली झाक पाच मिनिटांत जाते आणि परत येत नाही.

याहून गंभीर प्रश्न खऱ्या जुन्या वस्तूचा आहे. पुरावस्तू व कलासंपदा कायदा १९७२ सालचा, आणि तो एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाची धातूची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलांना आजीचा लामणदिवा पाठवायचा तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. धोटे, कांड्या, खोकी, चिमण्या हजारांनी बनल्या आणि हजारांनी टाकल्या गेल्या. त्या कापा, भोके पाडा, रंगवा, कोणाचे नुकसान नाही. ओतीव समईचे तसे नाही. तिच्या दांड्याला वायरसाठी भोक पाडले की ती समईही राहत नाही आणि विजेचा दिवा म्हणूनही तिला काही विशेष अर्थ येत नाही. तिच्यात तेल घालावे, वात लावावी. ते काम ती अजून करते.